हे अंशतः खरे आहे

लोकशाहीत तलवारीपेक्षा, तोफेपेक्षा, फार काय, मुख्यमंत्र्याच्या खुर्चीपेक्षाही मोठं हत्यार एकच, आणि ते म्हणजे प्रश्न. ज्याला सभागृहात उभं राहून नीट प्रश्न विचारता येतो त्याच्यापुढं राज्य चळाचळा कापतं, असं आमदार दादासो मगदूम आरशातल्या आमदार दादासो मगदुमांना बजावत होते, तेवढ्यात नळाचं पाणी गेलं. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर साबण होता. त्यांनी बायकोला हाक मारून विचारलं, पाणी परत कधी येणार. स्वयंपाकघरातून अरुणाबाईंचं उत्तर आलं, "मला काय इचारताय, सरकार तुमचं हाय." दादासोंनी साबण टॉवेलला पुसला, आरशाकडं पुन्हा न बघता सदरा चढवला आणि एक गाल गुळगुळीत, एक गाल खरखरीत अशा अवस्थेत ते खालच्या मजल्यावरच्या कचेरीत आले. मुंबईत अधिवेशन चालू होतं. शनिवार-रविवार कोल्हापूरला घरी यायचं, लोकांना भेटायचं आणि सोमवारी पुन्हा सभागृह गाठायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. व्हरांड्यातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लोक बसले होते, हातात नंबराच्या चिठ्ठ्या धरून, दवाखान्यात बसतात तसे. त्या रांगेच्या शेपटाला आक्का बसली होती.

दादासो चालता चालता थांबले. आक्का म्हणजे त्यांची सख्खी मावशी. आई तिला आक्का म्हणायची म्हणून तेही आक्का म्हणायचे. ती या घरात यायची ती मागच्या दारानं, दह्याचं भांडं घेऊन. अरुणाबाईंशी दोन शब्द बोलून, चार दोष काढून, उजेड आहे तोवर जेवून परतीच्या वडापची जीप गाठायची. आज ती पुढच्या दारानं आली होती. चपला तिनं बाहेर, सगळ्यांच्या चपलांत काढल्या होत्या, आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन चिठ्ठी मुठीत धरून बसली होती. हंबीररावानं तिला नंबर दिला होता. हंबीरराव हा त्यांचा स्वीय सहायक, वीस वर्षं मास्तरकी केलेला, खुद्द त्याची आई आली असती तरी त्यानं तिला नंबर दिला असता आणि वर म्हणाला असता, "शिस्तीत बसा."

"आक्का, तू हितं काय करतीयास? आत चल की."

"बसू दे. माझ्या आदी आल्यात ही माणसं."

"अगं, तू काय रांगेतली हाईस व्हय?"

"आता रांगेतलीच हाय की," आक्का म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं ते, आज शनिवार हाय की, असं म्हणावं तसं म्हटलं. शेजारी शाहूवाडीकडचा एक जाडजूड शेतकरी बसला होता, तो म्हणाला, "बसू द्या साहेब. नंबरानं हुंदे. न्हाईतर ह्या मावशी आत आन आमी बाहीर, असं चालायचं न्हाई." रांगेत दोघंतिघं हसले. आक्काही हसली. दादासो आत जाऊन खुर्चीत बसले. दार उघडं होतं, आणि दाराच्या चौकटीतून आक्काचा एक खांदा, एक कान आणि कानातलं जुनं फूल एवढंच दिसत होतं.

पहिला माणूस पाणंद रस्त्याबद्दल बोलत होता. दादासो मान हलवत होते. मान हलवण्याची त्यांची एक पद्धत होती, तीत होकार आणि नकार दोन्ही मावत. पण आज मान आपोआप हलत होती आणि डोक्यात एक वाक्य छापील अक्षरांत उमटत होतं: सदर मावशी रांगेत बसली आहे, हे खरे आहे काय? असल्यास, त्याची कारणे काय आहेत? इतकी वर्षं तारांकित प्रश्न विचारून विचारून त्यांचं मनही त्याच वळणानं चालायला लागलं होतं. रात्री झोप लागली नाही की त्यांना वाटायचं, झोप लागत नाही हे खरे आहे काय. आणि उत्तरही आतूनच यायचं, बाब तपासण्यात येत आहे. सगळ्या उत्तरांची त्यांना चव कळत होती. 'हे खरे नाही' हे कोरडं. 'हे अंशतः खरे आहे' हे गिळगिळीत, घशात अडकणारं. आणि 'प्रश्न उद्भवत नाही' याला तर चवच नव्हती. ते पाण्यासारखं खाली जायचं आणि मग कळायचं की पोट रिकामंच आहे. धरणग्रस्तांच्या वसाहतीला दाखले नाहीत, मुलींच्या वसतिगृहाचं छत गळतं, निराधार म्हाताऱ्यांची पेन्शन थांबलीय, असं सगळं त्यांनी विचारलं होतं. मंत्री बदलले, पक्ष बदलले, एकदा तर दादासोच बाकांच्या त्या बाजूनं या बाजूला आले, पण उत्तरं होती तिथंच राहिली. तेव्हा आमदार निवासातल्या एका दुपारी शेजारच्या खोलीतला एक अनुभवी आमदार त्यांना म्हणाला होता, "मगदूम, तुम्ही असले ओले प्रश्न विचारता. पेटेल असा विचारा."

त्या दिवसांत सगळीकडं एकच वारं होतं. कोण कुठला, कोण कुठून आला, कुणाला किती दिवस ठेवायचं. टीव्हीवर माणसं एकमेकांना तुम्ही मूळचे कुठले असं विचारून घाम फोडत होती. दादासोंनी खिडकीतून समोरचा समुद्र बघत, भजी खात, प्रश्न लिहिला: परराज्यात जन्मलेल्या व्यक्ती राज्यातील घरकुल व अन्य कल्याणकारी योजनांचा लाभ घेत आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, अशा व्यक्तींना वगळण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि मंत्री उठले, आणि दादासोंच्या सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच म्हणाले, होय, हे खरे आहे. बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली. दादासोंच्या गुडघ्यांतून काहीतरी गरम वर चढत गेलं, लहानपणी कुस्ती जिंकल्यावर चढलं होतं तसं, फक्त ती कुस्ती त्यांनी कधी जिंकली नव्हती. त्यानंतर राज्य हललं. खरोखर हललं. ज्या कचेऱ्यांत वसतिगृहाच्या छताचा कागद वर्षानुवर्षं कूस बदलत नव्हता तिथं साहेब लोक रविवारी डबे घेऊन येऊन बसले. परराज्यांतून आलेले कामगार वसाहतीतल्या पत्र्याच्या खोल्यांत एकात एक झोपत होते. त्यांना कुणी घर दिलंच नव्हतं, त्यामुळं काढून घ्यायची सोय नव्हती. पण कार्यवाही तर करायची होती. संगणकाला एकच गोष्ट विचारली गेली, जन्म कुठला. आणि संगणकातून भराभर निघाल्या त्या सुना.

इथं दादासोंचा विचार दर वेळी अडखळायचा, उंबऱ्याला पाय लागावा तसा, आणि दर वेळी ते त्याच उंबऱ्यावर परत यायचे. जिल्ह्याच्या दक्षिणेला, त्यांच्या जैन शेतकऱ्यांत आणि शेजारच्या मराठ्यांतही, कागदावर कर्नाटकात असलेल्या निपाणीकडच्या मुली इकडं आणायच्या आणि इकडच्या तिकडं द्यायच्या हा रिवाज हद्द आखली जाण्याच्या आधीपासूनचा. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे घरटी सून तिकडची आणि थोरलं पोर तिकडं जन्मलेलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांची आई तिकडची, आक्का तिकडची, ते स्वतः आईचं थोरलं पोर. निपाणीपल्याडच्या आजोळात, तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या खोलीत त्यांचा जन्म झाला होता, आणि पहिला श्वास घेतला तोच शिंक होऊन बाहेर आला असं घरात हसून सांगत. मग 'परराज्यात जन्मलेल्या' हे शब्द लिहिताना भजी घशात का अडकली नाहीत? तर ते परराज्य आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. कॉलेजात असताना ते सीमेवर मोर्चाला गेले होते, निपाणी आमची म्हणून घसा फोडला होता, नडगीवर पोलिसाची काठी खाल्ली होती. ती नडगी अजून पावसाळ्यात ठणकते. या क्षणी ठणकत होती. पुढं सभागृहात तो सगळा मुलूख आपलाच असल्याचे ठराव आले तेव्हा हात वर करताना त्यांच्या अंगावर काटा यायचा. आपल्याच घोषणेवर इतका भाबडा विश्वास ठेवणारा आमदार विरळा. बाकीच्यांनी घोषणा द्यायच्या आणि कायदा लक्षात ठेवायचा. दादासोंनी घोषणा लक्षात ठेवली. परराज्य म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं लांब, आगगाडीनं दोन दिवसांवर असलेलं काहीतरी आलं. आजोळ आलं नाही.

"तर साहेब, पाणंदीचं तेवढं बघा," माणूस म्हणाला. "बघतो," दादासो म्हणाले. हंबीररावानं पुढचा नंबर पुकारला. रांग एक खुर्ची पुढं सरकली, आणि चौकटीत आक्काचा आणखी थोडा भाग आला, गालाचं हाड आणि हनुवटी.

कागलच्या हायस्कुलात असताना ते आक्काच्या घरी राहायला होते. आई अंथरुणाला खिळली होती, आणि पुढं गेलीच. आक्काला मूल नव्हतं. तिनं दादूला वाढवलं असं म्हणायची सोय नाही, कारण ती त्याला म्हशीबरोबर वाढवायची, दोघांना एकदमच हाक मारायची. म्हशीशी ती कानडीत बोलायची. धार काढताना मापं मोजायची तीही कानडीत, ओंदु, एरडु, मूरु, आणि दूध फेसाळत वर यायचं तसा तिचा आवाजही वर वर यायचा. दादूला बरीच वर्षं वाटत होतं की कानडी ही म्हशींची भाषा आहे. दिवस बुडायच्या आत जेवण व्हायला पाहिजे म्हणून संध्याकाळी त्या घरात एक धांदल असायची. चुलीचा धूर, भाकरी थापल्याचा आवाज, आक्काची हाक, दादू, उजेड चाललाय. अजूनही सभागृह लांबलं, दिवे लागले की त्यांना वाटायचं, काहीतरी राहून गेलंय, कुणीतरी हाक मारून दमलंय. ते घर आता नव्हतं. घरकुल मंजूर झालं तेव्हा त्याच जागेवर बांधायचं म्हणून आक्कानं ते पाडलं. म्हणजे दादासोंनीच नारळ फोडला, फोटो निघाला. भिंती चौकटीपर्यंत आल्या आणि तिचं नाव वगळलं गेलं. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली. नवं घर नाही, जुनं नाही, आक्का गोठ्यात राहायला गेली. म्हशीचं अनुदान मात्र चालू होतं. म्हैसही तिकडच्याच बाजारातून आणलेली, पण म्हशीला तिचा जन्म कुठला असं कुणी विचारलं नव्हतं. दादासोंनाही नाही. घरकुल मागणाऱ्याला विचारतात. आमदाराला घरकुल लागत नाही.

हे हंबीररावानं त्यांना सांगितलं त्याला आता बरेच महिने झाले होते. फोन केले होते. प्रत्येक फोनवर पलीकडचा माणूस आदरानं म्हणायचा, "साहेब, आपल्याच प्रश्नावरची कार्यवाही हाय ही." तो आदर कानात तेलासारखा जायचा आणि तिथंच राहायचा. आक्काकडं ते तेव्हापासून गेले नव्हते. जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणत गाडी कागलच्या नाक्यावरून सरळ पुढं निघून जायची, आणि मागच्या सीटवर दादासो मोबाइलमध्ये काही नसताना बघत बसायचे.

त्यांच्या टेबलावर सोमवारच्या कामकाजाचा कागद पडला होता. त्यांचाच प्रश्न, दुरुस्तीचा. सीमाभागात जन्मून विवाहानंतर राज्यात आलेल्या स्त्रियांची नावे वगळण्यात आली, हे खरे आहे काय? हे अंशतः खरे आहे. असल्यास, सदर सीमाभाग हा राज्याचाच असल्याचा ठराव या सभागृहाने केला आहे, हे खरे आहे काय? होय. असल्यास, त्या स्त्रिया परराज्यातील कशा? प्रश्न उद्भवत नाही. दादासोंना या उत्तराचं कौतुकच वाटलं होतं. लिहिणाऱ्या कारकुनाला एका ओळीत तीन पिढ्यांचा निकाल लावता आला होता. आता एकच राहिलं होतं. उपप्रश्नाला उभं राहायचं आणि सांगायचं: अध्यक्ष महोदय, मी तिकडं जन्मलोय. मला वगळा, नाहीतर त्यांना आत घ्या. आठवडाभर ते हे वाक्य घेऊन फिरत होते. सकाळी आरशात त्याचीच तालीम चालली होती. प्रत्येक वेळी वाक्य 'अध्यक्ष महोदय'पर्यंत येई आणि मग सभागृहाची ती थंडगार हवा, कुणाचं तरी हसू, आणि कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर, 'आपला आमदार बाहेरचा निघाला की वो'. पुढची निवडणूक. तिकीट. बाहेरचा उमेदवार. या शब्दाला त्यांनीच धार लावून दिली होती, आणि ती किती चांगली लागली आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी खरखरीत गालावरून हात फिरवला. मग गुळगुळीत गालावरून. दोन वेगळ्या माणसांचे गाल वाटले, आणि त्यातला कुठला आपला हे ठरवायचा त्यांना कंटाळा आला.

तरी आक्काला त्या रांगेत बघितल्यापासून आत काहीतरी बसत चाललं होतं. भीती तशीच होती, पण तिच्यावर हळूहळू काहीतरी जड येऊन टेकत होतं. शाहूवाडीचा शेतकरी आला, भाताच्या नुकसानीबद्दल बोलला, गेला. आता चौकटीत आक्का सबंध दिसत होती. ती चिठ्ठीची बारीक घडी घालत होती आणि उलगडत होती. दादासोंनी ठरवलं. सोमवारी उभं राहायचं. ठरवल्यावर छाती मोकळी होईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही; फक्त नडगी ठणकायची थांबली.

"चला आक्का, तुमचा नंबर," हंबीरराव म्हणाला.

आक्का आली, समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली. इतकी कडेवर, की खुर्ची तिची नाही हे खुर्चीलाही कळावं.

"च्या घेतीस?"

"मगाशी दिला हंबीररावानं. साखर लई हुती."

"घराचं, आक्का..."

"घराचं काय. चौकटीपतोर आलतं, तितंच हाय. आत गवात उगवलंय गुडघ्याएवढं. म्हस जाऊन चरती. ती घरात, मी गोठ्यात. अदलाबदल झाली म्हणायचं." ती हे बोलताना खिडकीबाहेर बघत होती. "गाल एकच का केलास?"

"पाणी गेलतं." दादासो पुढं वाकले. आवाज त्यांनी खाली आणला. "ऐक. सोमवारी माझा प्रश्न हाय. मी सगळ्यांपुढं उठून सांगणार हाय. माझा जनम बी तितलाच हाय म्हणून."

"तितलाच की. मीच धरलतो तुला पैल्यांदा. तंबाखूच्या वासानं शिंकत हुतास आन रडत हुतास, दोनी एकदमच."

"तर ते सांगतो. म्हणावं, वगळा मला."

आक्कानं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. म्हशीच्या पायात काही रुतलंय का बघताना ती बघायची तसं.

"मग काय हुईल?"

दादासोंनी तोंड उघडलं. काय होईल. मंत्री उठतील, सन्माननीय सदस्यांच्या भावनांची शासनाने नोंद घेतली आहे म्हणतील. बाब तपासण्यात येईल.

"मला घर मिळंल?"

"लगीच न्हाई..."

"तुला घालवत्याल?"

"घालवत्याल असं न्हाई. पण पुढच्या खेपंला अवघड जाईल."

"मग नगंस सांगू," आक्का म्हणाली. "घरातलं एकजण तरी आत ऱ्हाऊ दे."

दादासोंच्या अंगातून काहीतरी सुटलं. खांदे खाली आले, श्वास पोटापर्यंत गेला, आणि हे बरं वाटणं आहे, आपल्याला खरोखरच बरं वाटतंय, हे कळल्यावर त्यांना हातात घेतलेलं पेन कुठं ठेवावं हेसुद्धा सुचेना. ठरवल्यावर जे मोकळं झालं नव्हतं ते आता सोडून दिल्यावर मोकळं झालं होतं. आक्कानं ते बघितलं का? तिनं बघितलं असणार. तिनं त्यांचं पहिलं रडणं बघितलं होतं. मान खाली घालून ते म्हणाले, "आक्का, मग मी करू काय, तूच सांग."

"मी त्यासाठनं आलोच न्हाई. तुझं हे सगळं तू बघ. माझं येगळंच काम हाय."

"काय?"

"तुझा वाढदिस आलाय न्हवं पुढच्या म्हयन्यात? नाक्यावर तुझं बोर्ड लागतील की, शुभेच्छांचं. मोटं मोटं."

"लागतील. पोरं फ्लेक्स लावत्यात."

"त्यातला एक उतरीवल्यावर मला धाडायला सांग. गोठ्यावर मागल्या सालचा घातलाय, पन फाटलाय तो. अंथरुणावर गळतंय."

हंबीररावानं वहीत टिपून घेतलं. "धाडतो," दादासो म्हणाले. आक्का खुर्चीच्या कडेवरून उठली, पदर सारखा केला आणि दारापर्यंत गेली. बाहेर तिच्यामागून आलेला, पुढच्या नंबरचा माणूस उठून उभा राहिला होता. ती चौकटीला हात टेकून मागं वळली.

"आन दादू, तोंडाचा नगं. खाली ती बारकी बारकी नावं असत्यात बघ, तेवडाच तुकडा काढून दे. तोंडाचा घातला की आडवं झाल्यावर वरनं बघत बसतोस."